डावा पंख एक इंच मोठा

जुन्या मॉडेल विमानांचे आराखडे शोधणे, ते स्कॅन करणे आणि त्यांवरून पुन्हा विमान बांधता येईल अशी स्वच्छ प्रत काढून देणे, हे माझे काम आहे. त्यातही माझ्याकडे प्रामुख्याने कंट्रोल लाइनची स्टंट विमाने येतात. उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी हँडल धरून उभा राहतो आणि साधारण साठ फुटांच्या दोन बारीक पोलादी तारांवर विमान त्याच्याभोवती फिरत कोलांट्या घेते. आराखडा मागणारे सहसा विमानाचे नाव सांगत नाहीत; रंग सांगतात, आणि रंग तर ज्याने त्याने आपल्या आवडीने दिलेला असतो. जॉर्ज ऑल्ड्रिच या रचनाकाराचे ‘नोब्लर’ हे प्रसिद्ध स्टंट विमान मागितले तर आराखडा अर्ध्या तासात हाती येतो, पण ‘कोणते नोब्लर?’ हे विचारावेच लागते, कारण ऑल्ड्रिच यांचे मूळ विमान आणि टॉप फ्लाइट या कंपनीने किटमधून विकलेले विमान यांत फरक आहेत आणि मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ठाऊक नसतात.

ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे, त्यातले विमान इतके प्रसिद्ध नव्हते. मागणी करणाऱ्या गृहस्थांना ते स्पर्धेच्या ‘क्लासिक’ गटात उडवायचे होते. अमेरिकेतील स्टंट उडवणाऱ्यांच्या ‘पाम्पा’ या संघटनेच्या नियमांनुसार या गटात १९६९ अखेरपर्यंतचीच डिझाइन चालतात, आणि १९५२ अखेरपर्यंतच्या विमानांसाठी ‘ओल्ड टाइम’ हा वेगळा गट आहे. त्यामुळे आराखडा नुसता मिळून भागत नाही, तो त्या काळचाच आहे हेही दाखवावे लागते. गृहस्थांकडे एका जुन्या मासिकाची मधली दोन पाने होती. मासिके आराखडा लहान करून छापत आणि पूर्ण आकाराची प्रत टपालाने विकत. छापील चित्र पाच पट मोठे केले की अर्ध्या मिलिमीटरची रेघ अडीच मिलिमीटरची होते आणि तिच्या कुठल्या कडेने बाल्साचे हलके लाकूड कापायचे हे ठरवता येत नाही. शिवाय पानांच्या मधोमध पिना असतात, आणि पंखाचा मध्यभाग, म्हणजे तारांची ओढ शेपटीकडे पोहोचवणारा बेलक्रँक बसतो नेमका तोच भाग, शिलाईत गेलेला असतो.

पूर्ण आकाराची प्रत मिळायला चार महिने लागले. या क्षेत्रात काही संग्राहक असे आहेत की ते आराखड्याची धूसर प्रत स्वतःचा शिक्का मारून देतात आणि मूळ कागद कुणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत; त्यांच्यात माझे दोन महिने वाया गेले. शेवटी, हयात नसलेल्या एका उडवणाऱ्याच्या घरच्यांनी रद्दीत न घालता जपून ठेवलेल्या गुंडाळ्यांमध्ये ती सापडली. गुंडाळीवर नाव भलत्याच विमानाचे होते. मासिकातल्या चित्रावरून पंखातल्या आडव्या फासळ्यांची, म्हणजे रिबांची संख्या आणि शेपटीची कड जुळवून पाहिली, तेव्हा खात्री पटली. कागद अमोनियाच्या प्रक्रियेने काढलेल्या प्रतीचा होता. उजेड लागलेल्या घड्या तपकिरी पडल्या होत्या आणि रेघा पार फिक्या झाल्या होत्या.

असा कागद वर्षानुवर्षांत ताणला जातो, आणि लांबीत व रुंदीत सारखा ताणला जात नाही. शीर्षकाच्या चौकटीत पंखांचा विस्तार ५२ इंच लिहिलेला होता, कागदावर तो ५२ आणि तीन अष्टमांश भरला. दुसऱ्या दिशेची खात्री करण्यासाठी मी माझी नेहमीची युक्ती वापरली: खरे फॉक्स ३५ इंजिन नकाशावर ठेवले आणि त्याचे पाय ते ज्यांवर बसते त्या लाकडी पट्ट्यांच्या, म्हणजे बेअररच्या रेघांवर किती चुकतात ते पाहिले. दोन्ही दिशांचे प्रमाण वेगवेगळे काढून सहकाऱ्याच्या हाती दिले आणि त्याने संगणकावर आराखडा नव्याने रेखला. त्याचा हात सफाईदार आहे. मी विस्तार मोजला, तो बरोबर ५२ इंच भरला, आणि मी प्रत मंजूर केली. गृहस्थांना त्यांची प्रत गेली, आणखी आठ जणांनी मागितली म्हणून त्यांनाही गेली.

तीन आठवड्यांनी गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, मी पंखाचा नकाशा मधोमध दुमडून पाहिला. दोन्ही टोके जुळतात. ती जुळायला नको होती.”

मला पुढे काही ऐकायची गरजच उरली नाही. तारांवरचे विमान वर्तुळात फिरते, म्हणून बाहेरचा पंख आतल्या पंखापेक्षा वेगाने हवा कापतो. वर्तुळाच्या केंद्रापासून विमानाच्या मध्यापर्यंत ६२ फुटांची त्रिज्या घेतली तर दोन्ही पंखांच्या सरासरी वेगात साडेतीन टक्क्यांचा आणि उचलीत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी त्या काळचे अनेक रचनाकार आतला, म्हणजे डावा पंख मुद्दाम थोडा मोठा ठेवत. मूळ कागदावर तो मध्यापासून साडेसव्वीस इंच होता आणि उजवा साडेपंचवीस. सहकाऱ्याने उजवा अर्धा रेखला, त्याचे प्रतिबिंब डावीकडे टाकले आणि एकूण विस्तार ५२ इंचांवर आणून बसवला. बेरीज बरोबर आली आणि मी फक्त बेरीजच तपासली होती. शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची, म्हणजे रडरची मागची कड बाहेरच्या बाजूस किंचित वळवलेली होती, तीही त्याने सरळ करून टाकली होती. तारा ताणलेल्या राहाव्यात म्हणून ते वळण असते.

विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मला वाटले, स्कॅनरमध्ये कागद घसरला.” याला मूर्खपणा म्हणता येणार नाही. रोलरच्या स्कॅनरमध्ये लांब कागद मधेच घसरतो आणि मग एक बाजू खरोखरच लांब येते. कागद ताणला गेला असता तर दोन्ही अर्धे सारखेच वाढले असते, म्हणून संशय घसरण्यावर जाणे योग्यच होते. चूक झाली ती संशय पडूनही पडताळणी न करण्यात. आम्ही त्याच दुपारी मूळ कागद उलट्या टोकाकडून स्कॅनरमध्ये सरकवला. घसरणीचा दोष असता तर फरक दुसऱ्या पंखाकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला, अगदी एक इंच.

माझ्या मनातून अजून न गेलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. उजव्या पंखाच्या टोकापाशी, बाहेरचा पंख जड ठेवणाऱ्या वजनाच्या खणात पेन्सिलीने ‘पाऊण औंस’ लिहून खोडले होते आणि त्याखाली ‘एक’ लिहिले होते. तारा बाहेर पडण्याची भोके अर्धा इंच मागे सरकवल्याची खूणही होती. आधीच्या रेखाटनात सहकाऱ्याने या खुणा घाण समजून पुसल्या होत्या. त्या रचनाकाराच्या म्हणाव्यात, तर छापील प्रतीवर त्याचा हात कसा पोहोचला? बांधणाऱ्याच्या म्हणाव्यात, तर त्या मूळ आराखड्याचा भाग नाहीत. नव्या प्रतीत मी त्या फिकट राखाडी रेघेत ठेवल्या आणि समासात दोन्ही अर्ध्यांची मापे वेगवेगळी लिहिली. गृहस्थांना हे पटले नाही. पेन्सिल काढून टाका, असे त्यांचे म्हणणे होते.

उरलेल्या आठ जणांना मी पत्रे लिहिली आणि दुरुस्त प्रत विनामूल्य पाठवण्याची तयारी दाखवली. पाच जणांनी ती मागवली. दोघांनी बांधकाम पुढे गेल्याचे सांगून नको म्हटले. त्यांतल्या एकाने लिहिले की त्याचे विमान उत्तम उडते आणि तारा डोक्यावरही ढिल्या पडत नाहीत. हे अशक्य नाही, कारण टोकाला थोडे जास्त वजन घालून तसे उडवता येते आणि पुढच्या काळातल्या कित्येक विमानांचे पंख मुळातच समान असतात. आठव्याचे उत्तर आलेले नाही. त्याने आपल्याकडची प्रत आणखी किती जणांना दिली असेल, हे मला कळण्याचा मार्ग नाही, आणि ती प्रत आमच्या मूळ कागदापेक्षा दिसायला कितीतरी स्वच्छ आहे.