सुरंगी आणि ओले काजू

मार्च महिना आणि वेंगुर्ला तालुका, एवढं जुळून आलं की मला आयुष्याकडून आणखी काही नको असतं. आज सकाळी आरवलीत सुरंगीच्या झाडाखाली उभी होते. ही फुलं शेंड्याला येत नाहीत, थेट जाड फांदीला लगडतात. चार पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, आणि वर मधमाश्यांची अखंड गुणगुण. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून माणसं उजाडायच्या आधीच झाडावर चढलेली असतात. ती मेहनत पाहिल्यावर वळेसराच्या, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याच्या, किमतीत घासाघीस करायला जीभ वळत नाही, आणि वळूही नये. वास तर असा, की फुलं सुकली तरी कपाटातल्या साड्यांना कितीतरी दिवस येत राहतो.

दुपारी काकींकडे ओल्या काजूची उसळ. ओला काजू फोडायचा म्हणजे बोटांना आधी खोबरेल चोपडायचं, नाहीतर चिकाने कातडी सोलवटते. मग गर गरम पाण्यात घालून एकेक साल काढायची. तासभराचं काम आणि वाडगाभर गर! वर ओल्या खोबऱ्याचं वाटप, सोबत तांदळाची भाकरी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या किती चांगल्या जाती दिल्यात, पण काकी गावठी काजूच घेतात. गोडवा त्यालाच, म्हणतात. मला दोन्ही प्रिय.

सुरंगीचा हंगाम अजून थोडे दिवस आहे. कोकणात येणार असाल तर आत्ताच या, आणि वळेसर झाडावर चढणाऱ्यांच्या घरूनच घ्या.