काकूंची उशी

उशी काकूंनी स्वतःच्या हाताने शिवली होती. जुन्या लुगड्याचं कापड, आत सावरीचा कापूस. शुगरच्या जखमेमुळे काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून ती उशी त्याच पायाच्या गुडघ्याखाली होती. दीड महिना, रात्रंदिवस.

मी फिजिओथेरपिस्ट. काका आमच्याकडे आले तेव्हा टाके छान भरले होते. गुडघा सरळ करा म्हटलं, तर होईना. मोजून पाहिलं, २५ अंश कमी. काकूंच्या मांडीवरची उशी दिसली आणि सगळा उलगडा झाला.

ठणका लागला की पायाखाली मऊ काहीतरी द्यावं, हे कुणालाही सुचेल. पण वाकवून ठेवलेला गुडघा तसाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. ऑपरेशन झालं तिथे एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं: गुडघ्याखाली उशी नको. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काकूंना सांगताना जीभ जड झाली. त्यांनी उशी छातीशी धरली. "म्हंजे माझ्यामुळं झालं?"

"नाही हो काकू. तुम्हाला सांगितलंच नाही कुणी."

त्या दिवसापासून काका रोज तीनदा पालथे झोपू लागले. स्टंपला, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला, क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधायचं, टोकाशी घट्ट, वर येताना सैल. हे काकूंनी दोन दिवसांत माझ्यापेक्षा सुबक उचललं.

एकदा काकू औषधं आणायला गेल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "मॅडम, कुणाला सांगू नका. नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो. रात्री कुणीतरी पिळतंय असं वाटतं." घरी कळलं तर देवऋषी बोलावतील, ही भीती. हे वेड नाही, मेंदूत तो पाय अजून आहे, असं सांगितलं आणि आरसा आणला. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेला हा उपाय. सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरला. काका डावा अंगठा हलवत आरशातल्या उजव्याकडे बघत राहिले. बघता बघता डोळे भरून आले. "सुटला," म्हणाले, "मूठ सुटल्यागत."

गुडघा जवळजवळ सरळ झाला, जयपूर फूट आला. पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा काकांचे हात थरथरत होते. पहिला प्रश्न मात्र, "चिखलात चालतो का हा? उसाला दारं धरायचंय."

चालतो. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास तो घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठीच. पण डावा पाय अनवाणी नको, मी बजावलं. शुगरने त्याची संवेदना कमी झालीय, काटा रुतला तरी कळायचा नाही.

काका बारला धरून उभेच होते. काकू खाली बसल्या होत्या, डाव्या पायाच्या बोटांची एकेक बेचकी उघडून बघत.