तुम्ही विचारलंत म्हणून: डिझाइनच्या मुलांना वायरी कशाला?

पालक विचारतात, इंजिनिअरिंग शिकवणारे मित्र विचारतात, हल्ली विद्यार्थीही विचारतात. "डिझाइनच्या मुलांना ब्रेडबोर्ड, सेन्सर, कोड कशाला? स्केच करा, छान व्हिडिओ करा, बाकीचं इंजिनिअर बघतील. आणि कोड तर आता एआयच लिहून देतं." दर वेळी मी काहीतरी तुटक बोलून विषय संपवते. आज नीट सांगते.

आम्ही हे इंजिनिअरांच्या ताटातून उचललेलं नाही. आर्डुइनो, म्हणजे सेन्सर आणि दिवे जोडून कोडने चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, जन्मलं २००५ मध्ये, इटलीतल्या इव्रेआच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत. त्याच्या आधी, २००३ मध्ये, तिथल्याच हर्नांडो बार्रागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' हे तशाच बोर्डाचं आणि सॉफ्टवेअरचं साधन उभं केलं होतं. डिझाइन शिकणाऱ्यांना स्वतःच्या हाताने करून बघता यावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप झाला.

पण हे उत्तर पाठ असूनही मी अडखळते, त्याला कारण एक विद्यार्थिनी आहे.

तिचा विषय होता जुन्या वाड्यातला अंधारा जिना. आजी जिन्यात आली की दिवा हळूहळू उजळावा. एकदम झगझगाट झाला तर डोळे दिपतात आणि पाय चुकतो. त्यासाठी तिने घेतला होता एचसी-एसआर०४, दोन गोल डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो आपल्याला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. त्याला ५८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात.

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री साडेनऊला तिचा दिवा लागेना. मी बघितलं. ब्रेडबोर्ड म्हणजे वायरी खोचून सर्किट जुळवायची भोकांची पाटी. काही ब्रेडबोर्डांच्या कडेची, वीज पुरवणारी लाल पट्टी वरून सलग वाटते, पण आत मध्यावर तुटलेली असते. एक जम्पर वायर टाकली, दिवा लागला. पाच मिनिटांचं काम. तेव्हाच घरी जायला हवं होतं.

ती मॉडेलसाठी माउंटबोर्डचा जाड पुठ्ठा कापत बसली होती. मी तिचा कोड वाचू लागले. त्यात लिहिलं होतं, 'अंतर ९०च्या आसपास नसेल तर दिवा लाव.' मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, 'अंतर अमुकपेक्षा कमी असेल तर.' मला वाटलं, हिचा गोंधळ झालाय. मी ती अट खोडली, ८०पेक्षा कमी अशी घातली, दहा रीडिंगची सरासरी घेतली, व्हेरिएबलची नावंही नीट केली. ती आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी ज्युरीतल्या एक बाई जाड लोकरी शाल पांघरून तिच्या जिन्याच्या मॉडेलमध्ये उभ्या राहिल्या. दिवा नाही. पुन्हा आल्या. नाही. हात पुढे केला तर लगेच लागला. "असं का होतंय?" त्यांनी विचारलं. ती लॅपटॉपवरच्या माझ्या ओळीकडे बघत राहिली. मी मार्कांचा कागद घेऊन भिंतीशी उभी होते. पुढे होऊन बोलायला हवं होतं. बोलले नाही.

संध्याकाळी सामान आवरताना तिने सांगितलं. "आजीच्या लुगड्याच्या चुण्यांत आवाज मुरतो, मॅडम. परत येतच नाही, मग सेन्सरला वाटतं समोर कोणीच नाही. म्हणून मी आजीला शोधतच नव्हते. समोरची भिंत ९० सेंटिमीटरवर आहे. ती दिसेनाशी झाली की समजायचं, कोणीतरी आलंय." थोडं थांबून म्हणाली, "माझं बंद पडायचं ना, तेव्हा का बंद पडलं ते मला कळायचं."

माझं उत्तर हे आहे. भिंत शोधायची ही युक्ती स्केचमधून सुचत नाही. लुगडं सेन्सरसमोर धरावं लागतं, आकडे उड्या मारताना बघावे लागतात, तीन संध्याकाळी वैतागावं लागतं. जिन्यातल्या माणसाचा विचार आणि वायरींचा विचार तिथे एकच होतो.

मात्र सुरुवातीला मीच वर्गात सांगायचे, "आपण इंजिनिअर घडवत नाही, कोड कुठूनही उचला, चालला म्हणजे झालं." पुढे दुसऱ्या टोकाला गेले, प्रत्येक ओळ समजलीच पाहिजे. त्या हट्टापायी काही मुलं पहिल्या आठवड्यातच मिटली. त्यांच्याकडे चांगल्या कल्पना होत्या. त्यांना त्रास झाला, हे मी नाकारत नाही. एआयचं म्हणाल, तर त्या रात्री मी जे केलं तेच ते करतं: न विचारता, नीटनेटकं, पुस्तकातल्यासारखं. मग मी त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

यंदा एक मुलगा असाच कोड घेऊन आला. झकास चालत होता. मी कपाटातली शाल काढून सेन्सरसमोर धरली, आकडे भरकटले. तो म्हणाला, "मॅडम, मी एआयला विचारतो." त्याने विचारलं, उत्तर आलं, बरोबर होतं. शाल माझ्या हातातच होती. त्या प्रयोगाच्या रकान्यात मी अजून मार्क भरलेले नाहीत.