भरती-ओहोटीची वही: पाऊणपटीच्या हिशेबातली चूक सापडली

तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब हिवाळ्यातच का चुकतो, हे दोन हिवाळे डोकं खाल्लेलं कोडं सुटलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना आठवत असेल, चैत्र-वैशाखातल्या, ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर चालत जायच्या माझ्या सातही फेऱ्या मिनिटावर जमल्या होत्या. किहीमचे खडक, रेवदंड्याचा किनारा, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वाट, सगळीकडे पाणी सांगितल्या वेळी उतरलं. हिवाळ्यात मात्र तीच वही, तोच हिशेब, आणि दरवेळी फसगत. गेल्या वर्षी मी उत्तरेच्या वाऱ्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. तो दोष आज परत घेतो. वाऱ्याचा काही संबंध नव्हता.

आधी फसलेली फेरी सांगतो. मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी. दत्तजयंती दोन दिवसांवर, त्यामुळे चौलच्या दत्ताच्या डोंगराकडे जत्रेची दुकानं निघालेली, आणि वडखळला नेहमीसारखं अडकणं झालंच. बरोबर नववीतली भाची. तिने कुलाबा किल्ला लांबूनच पाहिलेला, चालत जायचं म्हणून आठवडाभर उड्या मारत होती. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला किल्ला आपण भर समुद्रात पायी जाऊन गाठायचा, याचं अप्रूप मलाही अजून गेलेलं नाही.

हिशेब असा केला होता. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तेरा पाऊणे पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती, तर सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी चारला पूर्ण ओहोटी. नेहमीच्या शिस्तीप्रमाणे तासभर आधी, तीनला पाण्यात पाय घातला. मध्यावर पोचलो तोवर साडेतीन होत आले होते आणि पाणी भाचीच्या मांडीच्या वर. माझा नियम पक्का आहे: ओहोटीला अर्धा तास उरला आणि वाट उघडी झाली नाही, तर मागे फिरायचं. फिरलो. ती एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

किनाऱ्यावर येऊन चहा घेतला, कपडे पिळले. आणि चार-चाळीसला बघतो तर किल्ल्यापर्यंत ओली वाळू चकचकतेय, सहलीची अख्खी शाळा चप्पल हातात घेऊन चाललीय, घोडागाड्यांची चाकं निम्मीसुद्धा बुडत नाहीत. गाडीवाले काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "पाणी उतरतच होतं की. तुम्ही कशाला फिरलात?" मी म्हटलं, "काका, चारला पाणी फिरायला हवं होतं." ते म्हणाले, "आज? आज पाच वाजायला आले पाणी फिरायला."

परतीच्या वाटेवर भाचीने वही मागून घेतली. तिचा प्रश्न साधा होता. "मामा, पौर्णिमेला दुपारी बाराला भरती असते ना? आणि अमावास्येलाही बारालाच?" हो. "मग पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते. बारा तासांची मिनिटं सातशेवीस. भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस. पाऊण तास म्हणजे तर पंचेचाळीसच झाले."

तीन मिनिटं! दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि ती साठत जातात. द्वितीयेला फरक सहा मिनिटांचा, तृतीयेला नऊ. तेवढा कळतही नाही. त्रयोदशीला मात्र एकोणचाळीस, पौर्णिमेला पाऊण तास. मग प्रतिपदेला गिनती पुन्हा एकपासून सुरू होते आणि चूक पुसली जाते. माझ्या उन्हाळ्यातल्या सातही फेऱ्या द्वितीया-तृतीयेच्या सकाळच्या होत्या, आणि हिवाळ्यातल्या सगळ्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या दुपारच्या. ऋतूचा दोष नव्हताच, मी तिथीच तशा निवडत होतो.

तशा का निवडत होतो, तेही नव्या मंडळींसाठी एकदा सांगतो. आपल्या या भागात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी असते तेव्हा, ओहोटी नेमकी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. हिवाळ्यात संध्याकाळची जास्त खोल, उन्हाळ्यात पहाटेची. म्हणून हिवाळ्यात उधाणाच्या जरा आधीचे दिवस धरायचे, म्हणजे ओहोटी उजेडात दुपारी सापडते. उन्हाळ्यात उधाणाच्या जरा नंतरचे, म्हणजे ती सकाळी आठच्या सुमारास येते. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांत, अष्टमी-नवमीला, ओहोटी भर दुपारी किंवा दुपारच्या आत येते आणि सोयीची वाटते, पण पाणी पुरेसं उतरत नाही. वेळ बघून फसू नका. तक्त्यातली उंचीही बघा. माझ्या नोंदींप्रमाणे ओहोटी साधारण एक मीटरच्या खाली असली तरच कुलाब्याची वाट नीट उघडते.

भाचीचं गणित कागदावर पटलं, पण मला पुरावा हवा होता. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर २०२२ च्या पावसाळ्यातलं वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं आहे, मुंबईच्या मोठ्या भरत्यांच्या यादीचं. १३ जून, चतुर्दशी: ११:०८. १४ जून, वटपौर्णिमा: ११:५६. १५ जूनला १२:४६, १६ जूनला दुपारी १:३५. आता पाऊणपटीने चतुर्दशीची भरती १०:३० येते, म्हणजे अडतीस मिनिटं चूक. अठ्ठेचाळीसने ११:१२, चूक चार मिनिटांची. पौर्णिमेला पाऊणपट ११:१५ सांगते, अठ्ठेचाळीस बरोबर बारा. द्वितीयेला पाऊणपट दीड, अठ्ठेचाळीस १:३६, प्रत्यक्षात १:३५. चार वर्षं हे कात्रण माझ्याजवळ होतं आणि मी त्यातल्या उंच्याच वाचत होतो.

एक महत्त्वाचं. जुन्या लोकांचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. होडीवर उभ्या माणसाला तोंडी करायचा हिशेब तो, पाऊणकीचा पाढा सगळ्यांना पाठ. त्याला समोर पाणी दिसत असतं, अर्ध्या तासाचा फरक तो डोळ्यांनी भरून काढतो. आपण पनवेलहून सहाची एसटी धरून जाणार, आपल्याला ती सवलत नाही.

मग खरी परीक्षा: पंधरा दिवसांनी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. नव्या हिशेबाने ओहोटी ५:२७. चारला पोचलो आणि पुळणीवर काठी रोवली. काठीवर दर दहा सेंटिमीटरला विजेच्या कामाची लाल चिकटपट्टी. (मागच्या खेपेला रंगाच्या खुणा केल्या होत्या, खाऱ्या पाण्याने दोन फेऱ्यांत उडाल्या. चिकटपट्टीच घ्या.) दर दहा मिनिटांनी भाची आकडा सांगत होती. चार-पन्नासला पाणी काठी सोडून गेलं, मग दुसरी काठी पुढे. पाच-वीसपर्यंत उतार मंदावला, पुढची दहा मिनिटं एकाच पट्टीवर पाणी हलत राहिलं, आणि पाच-पस्तीसला ती पट्टी पाण्याखाली गेली. म्हणजे ओहोटी साधारण साडेपाचची. तीन मिनिटं इकडेतिकडे! ती पट्टी वहीत चिकटवून ठेवली आहे.

दुसरी काठी पुढे रोवली तेव्हाच आम्ही वाट ओलांडून सर्जेकोटाच्या (किल्ल्याला लागूनच्या छोट्या कोटाच्या) बाजूच्या खडकांवर पोचलो होतो. किल्ल्यात सिद्धिविनायकापर्यंत जायला वेळ नव्हता, तो बेत पुढे. पण खडकांनी भरपाई केली. परातीएवढ्या एका डबक्यात शंखातला खेकडा दुसरा रिकामा शंख तपासत होता. आधी एक नांगी आत घालून फिरवली, मग शंख उलटा केला, वाळू पाडली, पुन्हा नांगी घातली. भाचीने श्वास रोखला होता. मग मऊ, वळलेलं अंग एका झटक्यात जुन्यातून बाहेर आणि नव्यात आत, डोळ्याचं पातं लवावं इतक्यात. बाजूच्या भेगेत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे समुद्रजीव) अर्धी उघडी. कालवांच्या धारेने माझा अंगठा कापला, त्याबद्दल तक्रार नाही, पण पट्ट्याच्या सँडलपेक्षा पावसाळ्यात मिळणारे बंद प्लास्टिकचे बूट बरे, हे पुन्हा सांगतो. रबरी चप्पल तर चिखल ओढूनच घेतो. आणि ऑनलाइन मागवलेली ती 'पाणी न शिरणारी' पिशवी पहिल्याच फेरीत शिवणीतून गळली. दुहेरी प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर, यापलीकडे काही नको.

मोबाइलवरच्या तक्त्यांबद्दलही एक इशारा. माझ्याजवळचं एक ॲप गुपचूप दुसऱ्याच बंदराची वेळ दाखवत होतं, कारण 'जवळचं ठिकाण' त्याने स्वतः निवडलेलं. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, रत्नागिरी-गोव्याला ती मुंबईच्या आधी, आणि पाण्याची चढउतारही तिकडे कमी. त्यामुळे माझे आकडे अलिबाग-मुरुडपर्यंतच वापरा. पाण्यात उतरण्याआधी छापील तक्ता आणि इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा) लाटांचा इशारा बघितल्याशिवाय कोणीही फक्त तिथीवर विसंबू नये, मीही विसंबत नाही.

हिशेब अजून पुरा नाही. अष्टमी ते एकादशी अठ्ठेचाळीसही बसत नाही. भांगात भरती रोज तासाहून जास्त उशिरा सरकते, उधाणात त्याहून बरीच कमी, त्यामुळे सरासरीचा आकडा मध्येच ताणला जातो. शिवाय तिथी स्वतःच कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांची. सूर्योदयाची तिथी धरावी की त्या वेळी चालू असलेली, यावर कोणाच्या नोंदी असतील तर हव्या आहेत.

पुढचा बेत माघातल्या पौर्णिमेचा होता, तसं मागच्या नोंदीत लिहिलंही आहे. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की आपले सण तिथीवरच आहेत, म्हणजे प्रत्येक सणाची ओहोटीही जवळजवळ ठरलेली! महाशिवरात्र, वद्य चतुर्दशी: संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, तीही खोल, आणि तेव्हा दिवस मोठा झालेला. अक्षय्य तृतीया: सकाळी आठच्या सुमारास, उन्हाळ्याची खोल ओहोटी. वर्षानुवर्षं साधारण तीच वेळ. मग माघ पौर्णिमा रद्द. महाशिवरात्रीला किल्ल्याची वाट, अक्षय्य तृतीयेला किहीमचे खडक.

मधल्या एका शनिवारी कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी काठी रोवायची आहे. तिथली खाडी आणि मोकळा समुद्र यांत पाणी फिरण्याच्या वेळेत किती फरक पडतो ते मोजायचंय. चौलचे स्नेही पोपटी (मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावणार म्हणाले आहेत. वालाच्या शेंगा अजून कोवळ्या आहेत, त्यात घालायचा भांबुर्ड्याचा पालाही बांधावर भरपूर. मडकं लावायला अंधार पडायच्या आत पोचायला हवं, म्हणून त्रयोदशी नको, द्वादशी धरतो. बारा अठ्ठेचाळीस, भरती ९:३६, ओहोटी ३:५१. भाचीने तपासून बघितलं आहे.