मधल्या सुट्टीतली पेटी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि लिहायचं ते गाण्याच्या बाईंवरच, हे मनात लगेच ठरलं. त्यांचं नाव सांगायला नकोच. दगडी इमारतीत शिकलेल्या कुणालाही ‘गाण्याच्या बाई’ एवढं पुरे. बाकीच्या शिक्षकांवर इतर जण लिहितीलच.

१९८० च्या जानेवारीत लोकसभेच्या निवडणुकीसाठी आपला हॉल ताब्यात गेला. शिपाईमामांनी पेटी आणि तबला उचलून सायकल स्टँडपाशी आणून ठेवला. गॅदरिंग तोंडावर आलेलं, तालमीला जागा नाही, आम्ही मुली रडकुंडीला आलेलो. बाई म्हणाल्या, “मधल्या सुट्टीत डबे घेऊन सायकल स्टँडवर या. जेवता जेवता ऐका.” पत्र्याखाली, सायकलींच्या मधे फरशीवर बसून आम्ही डबे उघडले आणि बाईंनी पेटीचा भाता मोकळा करत मायरा हेसची गोष्ट सुरू केली.

१८९० साली लंडनमध्ये जन्मलेली ही पियानोवादक. तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये टोबायस मॅथे हे तिचे गुरू. १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदासोबत जर्मन संगीतकार बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवून ती लोकांसमोर आली. १९२२ पासून अमेरिकेतही तिचं नाव झालं. हे सगळं बाई भराभर सांगून मोकळ्या झाल्या. त्यांना घाई होती १९३९ ला पोचायची.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि लंडनमधली नाट्यगृहं, संगीतसभागृहं बंद झाली. रात्री सगळीकडे काळोख. बॉम्बच्या भीतीने नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्सला हलवलेली, भिंती रिकाम्या. हेसने अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं, इथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफली करू का? १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. प्रवेश एक शिलिंग. कितीजण येतील याची तिलाच धास्ती होती आणि दारात रांग लागली. कचेरीतली माणसं, गणवेशातले सैनिक, हातात सँडविच. तिने बेथोव्हेनची ‘अपॅशनाटा’ ही पियानोरचना वाजवली, बाख या जर्मन संगीतकाराचं कोराल, म्हणजे चर्चमधलं स्तोत्रगीत, तेही वाजवलं. शत्रू जर्मन होता, तरी बाख आणि बेथोव्हेन यांना तिने शत्रू मानलं नाही. बाई इथे पेटीवरचा हात काढून आमच्याकडे बघत राहिल्या होत्या.

सोमवार ते शुक्रवार, साडेसहा वर्षं, १९४६ च्या एप्रिलपर्यंत हे चाललं. बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा मैफली तळघरात गेल्या, पण थांबल्या नाहीत. एकूण १,६९८ मैफली, सव्वाआठ लाखांच्या आसपास श्रोते. त्यातल्या जवळपास दीडशे मैफलींत ती स्वतः वाजवायला बसली आणि त्याचं मानधन घेतलं नाही. जमलेली रक्कम अडचणीतल्या वादकांच्या मदतनिधीला गेली. १९४१ मध्ये तिला ‘डेम’ हा ब्रिटिश सन्मानाचा किताब मिळाला. पुढे १९६१ पर्यंत ती जाहीर कार्यक्रम करत होती आणि १९६५ साली गेली. जगातल्या मोठ्या व्यासपीठांवर वाजवलेली बाई, पण माझ्या मते तिची खरी कारकीर्द त्या रिकाम्या भिंतींमधलीच.

मग बाईंनी बाखचं ते कोराल पेटीवर वाजवलं. त्याची पियानोसाठीची मांडणी हेसनेच केलेली, १९२६ मध्ये छापून आलेली. बाईंनी ते मुंबईहून आणलेल्या तबकडीवरून ऐकून ऐकून बसवलं होतं. आम्हाला सरगम सांगितली: सारे, गपम, मधप, पसांनी, सांपग, सारेग. सगळे शुद्ध स्वर, तीन-तीनचे गट, मधे कुठे खंड नाही. पाण्याच्या पाटासारखं ते पुढे पुढे जात राहतं. पोळीचा घास तोंडात ठेवून आम्ही ती ओळ गुणगुणत होतो. तबल्यावरच्या मुलाला सम कुठे धरायची ते कळेना. बाई म्हणाल्या, “ठेका राहू दे आज, नुसतं ऐक.”

निवडणूक झाली, हॉल परत मिळाला, गॅदरिंगही झालं. पण सायकल स्टँडवरची पेटी बाईंनी बंद केली नाही. दर गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या तिथे बसत. कधी भीमपलास, कधी नाट्यगीत, कधी बाख. कुणी यावं, कुणी जावं, हजेरी नाही. बाईंनी स्वतः कधी पियानोला हात लावला नव्हता.

मी आज पुण्यात पियानो शिकवते. माझे विद्यार्थी लंडनच्या परीक्षांना बसतात, एक मुलगी व्हिएन्नाला पुढचं शिक्षण घेते आहे. एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात दर बुधवारी दुपारी आम्ही वाजवतो. नंबर लागायची वाट बघणारे नातेवाईक मांडीवर डबा घेऊन ऐकतात. लंडनला गेले होते तेव्हा नॅशनल गॅलरीत बराच वेळ बसले. भिंतीवर चित्रं परत आलेली होती, मला मात्र बाई दिसत होत्या. हे त्यांना सांगायचं राहून गेलं, त्या आधीच गेल्या.

परवा शाळेत येऊन गेले. नवं सभागृह देखणं आहे, ध्वनियंत्रणा उत्तम आहे, पण ते कार्यक्रमापुरतंच उघडतं. सायकल स्टँडच्या जागी गाड्या लागतात. गाण्याचा तास आठवड्याला एकच उरला आहे आणि मधली सुट्टी वीस मिनिटांची. मुलांनी तेवढ्यात डबा तरी कसा संपवायचा?

शाळेला माझी एक विनंती आहे. एक चांगला कीबोर्ड मी बाईंच्या नावाने देते. तो सभागृहात कुलपात न ठेवता व्हरांड्यात ठेवावा आणि गुरुवारची मधली सुट्टी पूर्वीसारखी अर्ध्या तासाची करावी. पहिल्या गुरुवारी वाजवायला मी येईन.