आमची वाटचाल : दीड बोटाचा हिशेब

आमचं वर्कशॉप २००४ च्या दिवाळीत सुरू झालं, म्हणजे वीसच्या वर वर्षं झाली. पोरगी म्हणली पप्पा "आमची वाटचाल" लिहा, सगळे लिहितात, एका प्रेसच्या अकरा कशा झाल्या, भाड्याच्या शेडमधून स्वतःच्या प्लॉटवर कसे आलो. ते सांगतो, त्याला चार ओळी पुरतात. नगर एमआयडीसीत (आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच बसलंय) गळक्या पत्र्याची शेड, वीस टनाची सेकंडहँड पॉवर प्रेस (पत्रा ठोकून सुटे भाग काढायचं मशीन), मी आणि एक हेल्पर. वॉशर, क्लॅम्प, ब्रॅकेट, टू-व्हीलरला लागणारा बारका माल, सगळं जॉब वर्क. आता बावीस जण आहेत. झालं. बाकी काय आठवायला बसलो की गाडी आमचे प्रेसवरचे कामगार मामा, त्यांच्या दीड बोटापाशी येऊन थांबते.

त्याच्याआधी घरचं थोडं सांगतो. आम्ही ख्रिस्ती, मूळचे नेवासा तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ ला, आमचं घराणं त्यात बरंच नंतर आलं. पणजोबा गावचे महार, येसकरकीची पाळी असायची, सांगावे पोचवा, मेलेली ढोरं ओढा, पाटलाच्या दारची लाकडं फोडा, आणि बदल्यात संध्याकाळी टोपलं घेऊन भाकरी मागत फिरा. देणाऱ्याच्या मनावर. आजोबा मिशनच्या शाळेत गेले आणि सुतारकी शिकले. आजी सांगायची, पहिल्यांदा एका बंगल्याचं दार बसवल्यावर त्यांना रोख पैसे मोजून मिळाले तर घरी येईपर्यंत त्यांनी ते तीनदा मोजले. बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं (हीच असली पिढीजात गावकी) बिल आणलं १९२८ ला, आणि वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे किती वर्षं लागली बघा. येशू स्वतः सुतार होता याचं आमच्या घरात फार कौतुक. गावातले लोक हिणवून विचारतात ना मार्काच्या शुभवर्तमानात, हा तोच सुतार ना म्हणून, ते आजोबा मोठ्यानं वाचायचे आणि हसायचे. तर असल्या घरातला मी, आणि मालक झाल्यावर काय केलं ते ऐका.

शेडमध्ये घुसल्या घुसल्या समोर मी बायबलातलं पौलाचं वचन रंगवून घेतलं होतं, जो काम करणार नाही त्यानं खाऊही नये. पेंटरला दोनशे रुपये दिले होते. ते वचन मला फार आवडायचं, मालकाला आवडणारच. त्याच शास्त्रात मजुरीबद्दल जे लिहिलंय ते भिंतीवर रंगवावं असं काय कधी सुचलं नाही. कामाला तेव्हा तेरा जण आणि कागदावर नऊ, कारण दहा झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागतो. चौघं वहीत, पहिलं नाव आणि पुढं रेट. पगार नगावर. हजार नगाला इतके. कोण आलं नाही तर खाडा, अडचण असली तर उचल, हे शब्द मी मामांकडूनच शिकलो.

मामा पाथर्डीकडचे, आधी ऊसतोडीला जायचे, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फेडायला हंगामच्या हंगाम. २००६ ला आमच्याकडं आले तेव्हा म्हणले, साहेब इथं डोक्यावर पत्रा तरी आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मी पण.

मी दर रविवारी चर्चला. पण ऑर्डर अर्जंट असली की शेड रविवारी चालू. मी तिथं उपासनेत बसलेलो, इथं ठक ठक चालू. बायबलात शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांना विसावा लिहिलाय, म्हणजे मालकानं एकट्यानं आराम करायचा नाही, हे मी लहानपणापासून पाठ म्हणून दाखवत आलोय. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली १० जून १८९० ला. ते काय ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक माणूस, त्यांचं म्हणणं होतं रविवार खंडोबाचा वार आहे. खंडोबाच्या नावानं मिळालेली सुट्टी आणि मी प्रभूचं नाव घेऊन कापत होतो. असो.

आता प्रेसचं जरा समजून घ्या. जुनी प्रेस म्हणजे की-क्लचची. पेडल दाबलं की क्लचमधली की, म्हणजे खुंटी, फिरते, रॅम (वरून ठोकणारा भाग) खाली येतो, आणि एकदा निघाला की मधे थांबतच नाही, पूर्ण फेरा करूनच वर जातो. की झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर कधीकधी न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो, त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. म्हणून आम्ही पेडल काढून दोन बटणं लावली होती, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर राहतात. पण नगावर पगार असला की दोन हात बटणावर ठेवणं परवडत नाही ना. मग एका बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची, ते कायम दाबलेलं, आणि एक हात मोकळा, माल घालायला-काढायला. दिवसाला पाच-सहाशे नग जास्त निघतात. ती पट्टी मला दिसत नव्हती असं नाही. रोज दिसत होती. मी कधीच बोललो नाही, कारण नग मला पण हवे होते.

२०११, शनिवार, सोमवारी माल जायचा होता. चारच्या चहानंतर स्प्रिंग तुटली. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून आणि मधल्याचं एक पेर. मामा ओरडले नाहीत, नुसते हाताकडं बघत उभे राहिले आणि म्हणले "साहेब, डाय खराब झाली का बघा." माझ्या ओमनीत घालून नेलं, बोट पॉलिथिनमध्ये. हॉस्पिटलात विचारलं कसं झालं, तर मी म्हणलं घरी दारात सापडलं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. हो, दारात.

बिल झालं अडतीस हजार, मी भरलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष देताना उभा राहून सांगितलं, देवानं मोठं संकट टाळलं आणि एका गरिबाला मदत करायची संधी दिली. लोक आमेन म्हणले. आजपण ते आठवलं की कान गरम होतात.

महिनाभरानं मामी घरी आल्या. मिसेसनं चहा ठेवला, मी आपला पाकिटात पाच हजार घालून तयार, आता मदत मागणार म्हणून. मामींनी पाकीट हातात घेतलं नाही. म्हणल्या, "दादा, बिल भरलं त्याचे उपकार हायेत. पण ह्या महिन्याचा पगार कुठंय? तो काय उपकाराचा न्हाई." मी म्हणलं अहो मामी, नगावर काम आहे, नग नाही तर पगार कसा निघेल? तर त्या म्हणल्या, बोट बी नगावर मोजलं का मग?

त्या रात्री झोप नाही. मिसेस श्रीरामपूरकडची, कॅथलिक घरातली, आम्ही प्रोटेस्टंट. तिच्या वडिलांकडं कामगारांबद्दलच्या शिकवणीची पुस्तकं असायची, ती म्हणली १८९१ ला पोप लिओ तेरावे यांनी पत्र लिहिलंय रेरम नोवारम म्हणून, त्यात हेच आहे, की गरजेपोटी माणूस कमी मजुरीला तयार झाला म्हणजे तो सौदा न्याय्य होत नाही, ती जबरदस्तीच असते. आम्हाला पोपचं काही ऐकायची सवय नाही, मी जरा फणकारलोच. पण माझं रोजचं पेटंट वाक्य तेच होतं, "त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं की." (आता २०२५ मध्ये नवीन पोपनी लिओ हेच नाव घेतलं, आणि त्या पत्राची आठवण करून घेतलं, तेव्हा मिसेसनं मला टीव्हीसमोर बोलावून दाखवलं.)

मग मी आमच्या चर्चच्या रिटायर्ड पाळकसाहेबांकडं गेलो, खरं म्हणजे बरं वाटून घ्यायला गेलो. त्यांनी बायबलातलं अनुवाद २४ काढून दिलं, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, त्याचा जीव तिच्यावर आहे. मग याकोब ५, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. मी म्हणलं साहेब, मी क्षमा मागितलीय देवाजवळ. ते म्हणले देवाजवळ मागितलीस ते ठीक, पण बोट देवाचं गेलेलं नाही.

त्यांच्याशी बोलताना येशूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा, म्हणजे गोष्टीचा, विषय निघाला. तो दाखला मला आधीपासून खटकायचा, संध्याकाळी पाचला आलेल्याला पण दिवसभर राबलेल्याएवढेच पैसे, असा धंदा बुडेल. पाळकसाहेब म्हणले, तू मजूर अड्ड्यावर सकाळी अकराला उभा राहून बघ कोण उरलेलं असतं. मी खरंच गेलो. म्हातारे, लंगडा एक जण, आणि दोन बाया, एकीच्या कडेवर पोरगं. दाखल्यात मालक विचारतो दिवसभर रिकामे का उभे, ते म्हणतात आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. एवढंच त्यांचं उत्तर. आणि किराणा तर त्यांना पण पूर्ण दिवसाचाच लागतो.

कन्सल्टंटला बोलावलं आणि पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. त्यानं १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचा तक्ता काढला. तुम्ही तो कधी बघितलाय का माहीत नाही, दोन रकाने असतात, एकीकडं अवयव, एकीकडं टक्के. तर्जनी पूर्ण १४. मधलं बोट पूर्ण १२, एक पेर ७. म्हणजे मामांचे १४ आणि ७, २१ टक्के. मग पगाराचे साठ टक्के, वयाचा फॅक्टर, मामा तेव्हा पंचेचाळीसचे होते, साडेपाच हजार पगार धरून एक लाख सतरा हजार आणि वर काही. मी अडतीस हजाराची साक्ष दिली होती. हे एक लाख सतरा हजार माझ्याच खिशात होते आणि मी दानशूर म्हणून टाळ्या घेत होतो.

बिल मी परत कापलं नाही, ते वेगळं, रक्कम वेगळी. रीतसर कागद नोंदवून तीन हप्त्यात दिली, त्याला मिसेसच्या दोन बांगड्या लागल्या. बँकेत कर्ज बघायला गेलो तर एससी योजना ख्रिस्ती म्हणून आम्हाला लागू नाही, अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशापासून तसंच चाललंय, जात सुटत नाही आणि सवलत मिळत नाही, पण तो रडगाण्याचा विषय आज नको.

२०१२ ला सगळे कागदावर आले. तेरा म्हणजे तेरा. ईएसआय सुरू, नगावरचा पगार बंद, महिन्याचा पगार, ओव्हरटाईम डबल. प्रॉडक्शन पहिल्या दोन महिन्यात पाचवा हिस्सा पडलं, खोटं कशाला सांगू, मला वाटलं गेलो आता. मग बटणांना असा रिले लावला की दोन्ही एकदमच दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकला सोडली तरच रॅम येतो, ट्यूब बांधली तर मशीन चालतच नाही. लाईट कर्टन (हात मधे आला की मशीन थांबवणारा उजेडाचा पडदा) पण बसवायचा होता, तर कळलं, की-क्लचच्या प्रेसवर त्याचा काही उपयोग नाही, जे मधे थांबतच नाही ते थांबवणार कसं, त्याला न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) क्लचची प्रेस लागते. ती एकेक करत घेतली, सात वर्षं लागली. जुन्यांपैकी पहिल्या दोन मी सरळ विकून टाकल्या, चांगला भाव आला. तिसरीच्या वेळी मामांनी विचारलं, घेणार कोण? तेव्हा लक्षात आलं. ती भंगारात घातली, गॅस कटरनं कापून. पहिल्या दोन मागच्या गल्लीतच चालू आहेत.

पगार वेळेवर द्यायचा तर वरून पैसे वेळेवर यायला पाहिजेत. एमएसएमईच्या (लहान उद्योगांच्या) २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवस आहेत, आम्हाला शंभर-शंभर दिवसांनी चेक मिळायचा. तक्रार करता येते, मी केली नाही. ऑर्डर जाईल ही भीती. म्हणजे कंपनीच्या परचेसवाल्यापुढं मी जसा हो साहेब, बघू साहेब करत उभा राहायचो, तसेच मामा माझ्यापुढं, दारात सापडलं म्हणून मान हलवत. आता काय करतो तर दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. तरी कोविडमध्ये लावावा लागला.

बायांचं तर मला फारच उशिरा सुचलं. सॉर्टिंगला पाच बाया होत्या, शेजारी तेच काम करणाऱ्या पोरापेक्षा कमी पगार, आणि त्यांना बाथरूम नव्हतं, बाजूच्या शेडमध्ये जायच्या. दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, हे मला पोरीनं सांगितलं, ती तेव्हा अकरावीत होती. २०१६. समान वेतनाचा कायदा १९७६ लाच आला होता. याच्यावर जास्त लिहीत नाही, लिहायला तोंड नाही.

भिंतीवरचं वचन नव्या शेडमध्ये आणलं नाही. एक मे ला सुट्टी असते, महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि कॅथलिकांचा कामकरी संत योसेफाचा सण, तो १९५५ ला पोप पायस बारावे यांनी सुरू केला असं मिसेस सांगते. त्या दिवशी ती सगळ्यांच्या घरी वडे पाठवते.

मामा २०२४ ला अठ्ठावन्नचे झाले आणि थांबतो म्हणले. शेवटी टूलरूममध्ये होते, डाव्या हातानं पंच (पत्रा कापणारं हत्यार) घासायचे, त्यांच्यासारखी धार अजून कोणाला येत नाही. ग्रॅच्युइटी काढायला बसलो. बेसिक साडेएकोणीस हजार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. अकाउंटंट म्हणला वर्षं बारा, रेकॉर्ड २०१२ पासून आहे, एक लाख पस्तीस हजार. बरोबर होतं त्याचं, कागदावर मामा तेव्हाच जन्मले. पण आले होते २००६ ला. अठरा धरली तर दोन लाख अडीच हजार. अकाउंटंट म्हणला सर, एकदा असं दिलं की बाकीचे पण मागतील. म्हणलं मागू देत की. चेक मामींच्या समोर दिला, त्यांनी आकडे एकेक करत वाचले, मग मामांना दिला, मामांनी पण वाचला, मग परत मामींनी. मला आजोबा आठवले.

पण बाकीचे म्हणल्यावर मला वही आठवली. कागदावर नसलेले चौघं, त्यातले एक मामा. दुसऱ्यानं २०१३ लाच काम सोडलं होतं, भिंगारला रिक्षा चालवतो, त्याची वहीतली वर्षं धरून हिशेब काढला आणि मागच्या महिन्यात देऊन आलो, तो आधी घाबरला, त्याला वाटलं मी काहीतरी मागायला आलोय. राहिले दोघं. एक यूपीचा, एक बीडकडचा, दोघं पाच-सहा वर्षं राबून, सगळे कागदावर यायच्या आधीच गेले. जुन्या कामगारांना विचारलं, मोबाईल नंबर बदललेत. वही माझ्यासमोर आहे आत्ता. त्यात नुसतं पहिलं नाव आहे, पुढं हजार नगाचा रेट, आणि खाडे लाल पेनानं. आडनाव, गाव काहीच मी लिहून घेतलेलं नाही.