समोर समुद्र असताना ताण कसला?

मुंबई-पुण्याहून येणारं जवळपास प्रत्येक जण विचारतं, "श्रीवर्धनला राहता, समोर समुद्र, तुम्हाला कसलं आलंय टेन्शन?" जरा जवळचे असतील ते पुढे विचारतात, "आणि आलंच तर घालवता कसं?" इतकी वर्षं मी हसून चहा पुढे करत आले. आता तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

2020 नंतर दीड वर्ष मी किनाऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. पाचशे पावलांवर समुद्र, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

निसर्ग वादळाची गोष्ट परत सांगत नाही. 3 जूनला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वाडीतल्या 400 पोफळींपैकी, म्हणजे सुपारीच्या झाडांपैकी, 70 उभ्या राहिल्या. नवीन लावल्या, पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. तोवर रोज सकाळी उठून त्या रिकाम्या वाडीला पाणी घालायचं, हा माझा ताण. त्याला समुद्र काय करणार?

त्या पावसात मी खंबीर होते. पंचनामा, ताडपत्र्या, कौलं, सगळ्यामागे मीच धावले. बायकांना सांगायचे, "कामात राहा, डोकं रिकामं ठेवू नका." अगदी मनापासून सांगायचे. आज त्या बाईशी माझं भांडण आहे. पण तिला खोटी तरी कशी म्हणू? ती तशी धावली नसती तर घरावर छप्पर आलं नसतं.

पुढच्या फेब्रुवारीत ओटीवर सुपारी सोलत बसले होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती. शेजारी छपराचं काम चाललं होतं, एक पत्रा घसरला आणि खडखडत खाली आला. तेवढंच. माझ्या छातीत कळ आली, हात गार पडले, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. यजमानांनी रिक्षात घालून नेलं. ईसीजी चांगला आला. (छातीत दुखलं तर आधी तो काढाच. टेन्शन असेल म्हणत घरी बसू नका.)

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप कशी लागते?"

मी म्हटलं, "वादळ होऊन तर आठ महिने झाले."

त्यांनी झोपेचं विचारलं होतं. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं आणि रडू फुटलं. मग राग आला. म्हटलं, "मला वेड लागलेलं नाही." त्या म्हणाल्या, "वेड कोण म्हणतंय? संकट आलं की शरीरात ॲड्रिनलिन, कॉर्टिसोल सुटतं, काळीज धावतं, अंग ताठ होतं. जीव वाचवायला ते लागतंच. तुमच्या शरीराला संकट सरल्याचं अजून कळलेलं नाही." श्वास कसा सोडायचा तेही दाखवलं. चूल फुंकताना सोडतो तसा, लांब, हळू. त्याने ठोके खरंच उतरतात. पत्रा वाजला की मी अजून तेच करते. त्या पाच मिनिटांपुरतं ते पुरतं. रात्रीला पुरत नाही.

गोळ्याही सहा महिने घेतल्या. घरात सांगितलं, ॲसिडिटीच्या आहेत. 2022 मध्ये सरकारचा 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत करणारा, नंबर सुरू झाला. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. ज्यांना कुणापाशी बोलता येत नाही त्यांनी लावावा. मला तेव्हा मिळाला असता तरी मी लावला नसता, इतकी लाज होती.

गोळ्यांची पट्टी सासूबाईंना उशीखाली सापडली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या खाटेशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही नाही गो लागत झोप. कौल हललं की उठून बसते." म्हणजे ते सगळे महिने भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी जाग्या होतो, आणि सकाळी एकमेकींना विचारत होतो, झोप झाली ना?

मी बरी झाले का, ते मला सांगता येणार नाही. मे सरत आला की अजून पोफळी मोजते. पण मागच्या पावसाळ्यात एका रात्री वारा सुटला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू पड. दोनपर्यंत मी जागी आहे, मग तुला उठवते."

दोनला त्यांनी उठवलं तेव्हा मला खरंच झोप लागलेली होती.